टेबलावर पळते, चादरीवर मरते: रिमोट कारमधला आर्डुइनो सारखा रीसेट होतो तेव्हा

जुन्या रिमोटच्या गाडीतलं मूळ सर्किट काढून तिथं आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम भरता येतो असं छोटं कंट्रोलर बोर्ड), मोटर ड्रायव्हर (आर्डुइनोच्या हुकमावर मोटरीला करंट देणारं बोर्ड) आणि ब्लूटूथ बसवलं. गाडी हातात उचलून धरली की चाकं झकास फिरतात. जमिनीवर ठेवून फोनवर 'पुढे' दाबलं की हातभर जाते, थबकते, बोर्डावरचा दिवा लुकलुकतो, ब्लूटूथ तुटतं आणि परत जोडत बसावं लागतं. नवे सेल टाकले की दोन दिवस आराम. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं.

माझ्या भाच्याच्या गाडीवर ही तक्रार चार महिन्यांत तीनदा आली. तिन्ही वेळा फोनवर त्याचं वाक्य एकच होतं: "मामा, परत रीसेट मारायलीय ओ." आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. "पॉवर कमी पडतेय, चांगली बॅटरी लावा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. तो खोटा नाही, पण आम्हाला तो तीनपैकी एकदाच उपयोगी पडला.

गाडी आणि तिची जोडणी

गाडी गड्ड्यावरची. गड्डा म्हणजे सोलापूरची सिद्धेश्वराची यात्रा; होम मैदानावर खेळण्यांची दुकानं लागतात, तिथली. पोटात चार पेन्सिल सेल, बुडाला २७ मेगाहर्ट्झचं लेबल, वर अँटेनाची तार. रिमोटवर कुणाचा तरी पाय पडला आणि गाडी माळ्यावर गेली. ती यंदा संक्रांतीनंतर खाली आली, कारण आठवीतल्या पोराला सायन्सच्या प्रोजेक्टसाठी काहीतरी हवं होतं.

अशा गाड्यांमध्ये बहुधा आरएक्स-२बी नावाची किंवा तिच्यासारखी १६ पायांची चिप असते. ती रिमोटचा सिग्नल ओळखते आणि ट्रान्झिस्टरच्या दोन ब्रिजना (मोटर उलटसुलट फिरवणाऱ्या जोडण्यांना) हुकूम सोडते: एक मागच्या मोटरीचा, एक पुढच्या स्टिअरिंगचा. चिप उपटून तिच्या ११, १०, ७ आणि ६ नंबरच्या पायांच्या जागी आर्डुइनोच्या तारा दिल्या तर पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे हे मूळ बोर्डावरच जमतं, ड्रायव्हर विकत घ्यावा लागत नाही. स्वस्त आहे, पण नवशिक्यानं करू नये असं माझं मत. प्रोग्रॅममध्ये चुकून पुढे आणि मागे दोन्ही एकदम चालू झाले की ट्रान्झिस्टर जागेवर भाजतात. आम्ही बोर्ड काढलं आणि दोन मोटरी, गिअरपेटी, सेलचा कप्पा एवढंच ठेवलं.

जोडणी भाच्यानं एका व्हिडिओवरून केली होती. एल२९८एन ड्रायव्हर, त्याच्या १२ व्होल्ट लिहिलेल्या टर्मिनलला चार सेल, ड्रायव्हरच्याच ५ व्होल्टच्या टर्मिनलवरून आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनला तार, आणि एचसी-०५ ब्लूटूथ. नीटनेटकी जोडणी, तारा रंगांप्रमाणे. एकही तार चुकलेली नव्हती.

आधी ठरवा: खरंच रीसेट आहे का?

प्रोग्रॅममध्ये हात घालण्याआधी ही एक गोष्ट करा. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला, जो भाग एकदाच चालतो तिथं, १३ नंबरच्या दिव्याला सावकाश पाच वेळा लुकलुकायला लावा, अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं. एक-दोनदा नको, कारण उनोचा बूटलोडर (बोर्डात आधीपासून असलेला सुरुवातीचा छोटा प्रोग्रॅम) सुरू होताना स्वतःच तो दिवा भरभर लुकलुकवतो आणि गल्लत होते.

आता गाडी जमिनीवर चालवा. थांबल्यावर पाच सावकाश लुकलुक दिसले तर आर्डुइनो खरोखर नव्यानं सुरू झालाय. लुकलुक नाही, पण गाडी ऐकत नाही, आहे त्याच दिशेनं पळत सुटते, तर तो रीसेट नव्हे. मेंदू जागा आहे, कान बंद झालेत. आणि लुकलुक नाही, ब्लूटूथ जोडलेलं आहे, फक्त मोटर थांबते, तर ड्रायव्हर तापलाय किंवा मोटरीची तार सुटतेय. तिन्हींचा इलाज वेगळा.

एक फसवी जागा सांगून ठेवतो, कारण मी स्वतः तिथं एक अख्खी संध्याकाळ घालवली. सिरीयल मॉनिटरवर (आर्डुइनो पाठवतो तो मजकूर लॅपटॉपवर दिसतो ती खिडकी) बघायचं म्हणून आम्ही लॅपटॉपची केबल लावली, आणि तक्रार गायब! केबल काढली की परत हजर. भाचा म्हणाला, "मामा, गाडी लॅपटॉपला भितीय." खरं कारण साधं: केबल लावली की आर्डुइनोला ५ व्होल्ट लॅपटॉपकडून मिळतात, सेलचं दुखणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे हा घोळ नसून पुरावाच होता. केबलवर गाडी बरी आणि सेलवर आजारी असेल तर प्रोग्रॅमला दोष देणं तिथंच थांबवा.

उनोऐवजी ईएसपी३२ हे दुसरं कंट्रोलर बोर्ड वापरत असाल तर काम सोपं आहे. व्होल्टेज पडून तो रीसेट झाला की सिरीयलवर ब्राउनआउट झाल्याचं स्वतःच छापतो.

पहिली वेळ: व्होल्टेज

मी यंत्रमागांच्या मोटरी आणि पॅनेलची कामं करतो. अक्काचं, म्हणजे भाच्याच्या आईचं, घर शहराच्या पूर्व भागात, दोन्ही अंगांना कारखाने. तिच्या घरात सकाळी शेजारचे माग सुरू झाले की ट्यूबलाइट क्षणभर मंद होते. भाच्यानं हे जन्मापासून पाहिलंय. त्याला म्हटलं, तुझ्या गाडीत हेच होतंय. थांबलेली मोटर सुरू होताना भसकन करंट ओढते, लाइन खाली बसते, आणि तुझा आर्डुइनो म्हणजे ती ट्यूब. फरक एवढाच की ट्यूब परत उजळते, आर्डुइनो पाढे पहिल्यापासून म्हणायला लागतो.

मग मोजलं. मल्टीमीटर झटक्याचा आकडा दाखवत नाही. तो सावकाश आहे, काही मिलिसेकंदांची बुडी त्याच्या नजरेतून निसटते. म्हणून मोटर ड्रायव्हरमधून सोडवली, थेट सेलला जोडली आणि चाक हातानं दोन सेकंद घट्ट धरलं. मोटरीसाठी सगळ्यात वाईट अवस्था हीच, आणि दर वेळी सुरू होताना ती क्षणभर याच अवस्थेत असते. जास्त वेळ धरू नका, वाइंडिंग तापतं.

आमचे आकडे असे आले. मोटर न लावता सेल ६.२ व्होल्ट. चाकं हवेत फिरताना ५.६. चाक धरल्यावर ३.८, आणि करंट एक अँपिअरच्या आसपास. म्हणजे एका अँपिअरला जवळजवळ अडीच व्होल्ट सेलमध्ये आणि कप्प्याच्या स्प्रिंगांतच जिरत होते. साधे पेन्सिल सेल भिंतीवरच्या घड्याळासाठी ठीक, मोटरीसाठी नाहीत. त्यात एक स्प्रिंग जुन्या गळक्या सेलनं हिरवी पडलेली. ती पॉलिश पेपरनं घासली तर तेवढ्यानंच ३.८ चे ४.१ झाले. हे काम फुकटचं आहे, आधी करा.

पण खरी मेख पुढे होती. एल२९८एनच्या बोर्डावर ५ व्होल्ट तयार करणारा जो रेग्युलेटर बसवलेला असतो, त्याला नीट चालायला आत सात व्होल्ट लागतात. आपण सहाच देतोय. मीटर आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवर लावला तर गाडी उभी असतानाच ४.५! नवे सेल, मोटर बंद, आणि तरी साडेचार. मोटर सुरू झाली की सेल चारवर येणार आणि आर्डुइनोच्या वाट्याला अडीचच्या आसपास उरणार. उनोमधली चिप २.७ व्होल्टच्या खाली गेली की स्वतःला रीसेट करते, तशी ती कारखान्यातूनच सेट करून येते. १६ मेगाहर्ट्झवर भरवशानं चालायला तिला पावणेचार-चार व्होल्ट तरी हवेत. २.७ ते ३.८ च्या मधला पट्टा तर अजून वाईट, तिथं ती रीसेटही होत नाही आणि शहाण्यासारखी वागतही नाही.

गाडी हातभर जाते, थबकते, परत हातभर जाते, याची ताल धरल्यासारखी लय इथून येते. रीसेट झाला की मोटर बंद, मोटर बंद झाली की सेल सावरतात, सेल सावरले की आर्डुइनो जागा होतो, जागा झाला की फोन परत 'पुढे' म्हणतो. नवे सेल टाकल्यावर दोन दिवस बरं का वाटायचं, तेही यातूनच कळलं. आपण दरीच्या काठावर चालत होतो. नव्या सेलनं काठापासून वीतभर आत यायचो, इतकंच.

एल२९८एनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: छोट्या खेळण्यात तो बसवू नका. जुन्या धाटणीच्या ट्रान्झिस्टरची चिप आहे ती. एका अँपिअरला स्वतःच १.८ ते ३.२ व्होल्ट खाते. सहातले दोन-तीन तिनं खाल्ले तर मोटरीला काय उरणार? १२ व्होल्टच्या मोठ्या मोटरीला ती चालेल. व्हिडिओंमध्ये ती सगळीकडे दिसते, कारण स्वस्त आहे, दणकट आहे आणि स्क्रूची टर्मिनलं आहेत. आम्ही टीबी६६१२ हा ड्रायव्हर लावला. बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, आत मॉसफेट जातीचे नवे ट्रान्झिस्टर, व्होल्टेज जवळपास खात नाही, दर मोटरीला सलग १.२ अँपिअर देतो. फक्त त्याची स्टँडबाय नावाची पिन ५ व्होल्टला जोडायला विसरू नका. ती लोंबकळत राहिली की काहीच हलत नाही आणि माणूस प्रोग्रॅम उकरत बसतो.

मधल्या काळात भाच्यानं अजून एक प्रयोग केला होता, चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी. मोटरीसाठी ती लावणं व्यर्थ आहे. आकडा मोठा असला तरी करंट द्यायचा जोर तिच्यात नाही, मोटर सुरू होताच ती माना टाकते. आर्डुइनोपुरती वेगळी लावली तर काही तास चालते. त्यानं तशी वेगळीच लावली होती, पण दोन्हींच्या वजा तारा एकत्र जोडल्या नव्हत्या. वेगळ्या बॅटऱ्या म्हणजे वेगळं सगळंच, असा त्याचा समज. ड्रायव्हरला आर्डुइनोचा सिग्नल कशाच्या तुलनेत वाचायचा तेच कळत नाही, आणि मोटर लहर लागेल तशी वागते. बॅटऱ्या कितीही असोत, वजा एकच हवी. पॉवर बँक लावायचा विचारही येईल. काही पॉवर बँका करंट फार कमी ओढला जातोय असं पाहून काही सेकंदांनी स्वतः बंद होतात, आणि ते अगदी रीसेटसारखंच दिसतं.

शेवटी आम्ही केलं ते असं. सहा रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल, म्हणजे ७.२ व्होल्ट. ही तार थेट टीबी६६१२ ला. तिथूनच दुसरी तार १एन५८१९ डायोडमधून आर्डुइनोच्या व्हीइन पिनला (बाहेरची बॅटरी जोडायची पिन), आणि डायोडच्या पुढे व्हीइन आणि ग्राउंडच्या मध्ये १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर. मला यातला डायोड सगळ्यात आवडतो. मोटरीनं लाइन खाली ओढली तरी कपॅसिटरमधला साठा उलटा मोटरीकडे जाऊ शकत नाही, तो फक्त आर्डुइनोसाठी राखीव राहतो. हिशोब करून बघा: आर्डुइनो आणि ब्लूटूथ मिळून ८० मिलिअँपिअर ओढतात असं धरलं, तर १० मिलिसेकंदांच्या बुडीत हा कपॅसिटर फक्त ०.८ व्होल्टनं उतरतो. गच्चीवरच्या टाकीला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा तसं. डायोडची पट्टी असलेली बाजू आर्डुइनोकडे, आणि कपॅसिटर निदान १६ व्होल्टचा, पाय उलटे न लावता. मोटरी सहा व्होल्टच्या असल्यामुळे प्रोग्रॅममध्ये वेगाचा आकडा २५५ च्या (म्हणजे पूर्ण वेगाच्या) ऐवजी २०० वर अडवला.

दोन लिथियम सेल लावले असते तर जोर अजून मिळाला असता. मुद्दाम टाळलं. आठवीतलं पोरगं, पत्र्याची खोली, आणि सोलापूरचा मे महिना. पारा बाहेरच ४२-४३ वर जातो, पत्र्याखाली काय असेल ते सांगायला नको. लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. तुम्ही वापरणार असाल तर संरक्षण सर्किट असलेलाच पॅक घ्या आणि चार्जिंग मोठ्या माणसाच्या नजरेखाली करा.

प्रोग्रॅममध्येही दोन-तीन बदल केले, पण सगळं मोजून झाल्यावर. वेग एकदम २०० वर न नेता दर काही मिलिसेकंदांनी थोडा थोडा वाढवत पाव सेकंदात वर न्यायचा. पुढून मागे जाताना मध्ये क्षणभर थांबायचं. पळत्या मोटरीला उलटं फिरवणं हा सुरू होण्यापेक्षाही मोठा झटका असतो. आणि स्टिअरिंग. या गाड्यांत पुढची मोटर चाकं वळवून टोकाला जाऊन अडते आणि बटण दाबलेलं असेपर्यंत अडलेल्या अवस्थेतच करंट ओढत बसते. वळल्यावर तिचा जोर निम्म्यावर आणला तरी चाकं वळलेलीच राहतात, स्प्रिंगला हरवायला तेवढं पुरतं. तुमची गाडी फक्त वळतानाच रीसेट होत असेल तर आधी हेच बघा.

दुसरी वेळ: ऐकूच येत नाही

तीन आठवडे गेले आणि फोन आला. परत रीसेट म्हणे. या वेळी मी विचारलं, "पाच लुकलुक दिसले का?" थोडा वेळ शांतता. "नाही ओ. पळत सुटली आणि आजीच्या पायावर चढली."

म्हणजे कान बंद. त्यानं प्रोजेक्ट नीटनेटका दिसावा म्हणून तारा गुंडाळून पट्ट्यानं एकत्र बांधल्या होत्या, मोटरीच्या आणि ब्लूटूथच्या एकाच जुडीत. खेळण्यातल्या मोटरीत ब्रश असतात, फिरताना बारीक ठिणग्या उडतात, आणि त्या ठिणग्यांचा कचरा शेजारच्या तारेत शिरतो. ब्लूटूथकडून 'थांब' येतं, पण आर्डुइनोपर्यंत पोचेपर्यंत त्याचं भलतंच अक्षर झालेलं असतं.

मोटरीच्या मागच्या झाकणाकडे बघितलं तर दोन्ही टोकांना नुसत्या तारा. कारखान्यातून बहुधा तिथं एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर लावलेला असतो. भाच्यानं जुन्या तारा कापताना तो "कशाला ठेवायचा" म्हणून उडवला होता. १०४ लिहिलेले, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरॅडचे, तीन कपॅसिटर घेतले: एक दोन टोकांच्या मध्ये, आणि एकेक टोकापासून मोटरीच्या धातूच्या अंगाला. अंगाला सोल्डरचा डाग सहज धरत नाही. तिथं पॉलिश पेपरनं खरवडून घ्या आणि सोल्डरची इस्त्री नीट तापलेली असू द्या, पण फार वेळ टेकवू नका. कपॅसिटर मोटरीवरच हवेत. ब्रेडबोर्डवर (तारा खोचायच्या भोकांच्या पाटीवर) लावून उपयोग नाही, कचरा तोवर तारेत शिरलेला असतो. मोटरीच्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून एका बाजूनं नेल्या आणि ब्लूटूथ गाडीच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं. त्याच वेळी त्याच्या आरएक्स पिनवर (जिथं आर्डुइनोकडून सिग्नल येतो) एक आणि दोन किलोओहमची जोडी लावून ५ व्होल्टचा सिग्नल ३.३ वर आणला, तेही राहून गेलं होतं.

आजीच्या पायासाठी प्रोग्रॅममध्ये वेगळी सोय केली: अर्ध्या सेकंदात फोनकडून काहीच आलं नाही तर मोटर बंद. यासाठी फोनवरचं ॲप बटण दाबून धरल्यावर हुकूम पुन्हा पुन्हा पाठवणारं हवं. एकदाच पाठवणारं असेल तर गाडी दर अर्ध्या सेकंदाला थांबेल आणि तुम्हाला वाटेल रोग वाढला. खरं म्हणजे ही सोय पहिल्याच दिवशी हवी होती.

याच गटातला अजून एक चकवा. स्टिअरिंगची मोटर काढून कुणी सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी मोटर) बसवला, आणि मागच्या मोटरीचा वेग ९ किंवा १० नंबरच्या पिनवर ठेवला, तर उनोवर सर्व्होची लायब्ररी (त्याच्यासाठीचा तयार कोड) त्या दोन पिनांचं वेग-नियंत्रण बंद पाडते. मोटर चालणारच नाही किंवा एकदम पूर्ण वेगात जाईल. वेगाची तार ५ किंवा ६ वर न्या.

तिसरी वेळ

मे महिन्यात परत. या वेळी भाच्यानं आपणहून सांगितलं, "पाच लुकलुक यायलेत. सेल रात्रभर चार्ज केलेत. फरशीवर कमी, चादरीवर जास्त."

मी गेलो तो डोक्यात सेल, डायोड, कपॅसिटर घेऊन. दोन तास त्यातच घातले. सेल बदलून पाहिले, डागांवर पुन्हा डाग दिले, कपॅसिटर नवा लावला. चाकं हवेत असताना सगळं ठीक, व्होल्टेज ठीक. शेवटी करंट मोजला. मीटरची लाल तार १० अँपिअरच्या भोकात घालायची (मिलिअँपिअरच्या भोकात घातली तर मीटरचा फ्यूज जातो), मीटर बॅटरीच्या तारेत मध्ये जोडायचा, चाकं हवेत, पूर्ण वेग. मोजून झालं की लाल तार आठवणीनं व्होल्टच्या भोकात परत, नाहीतर पुढच्या वेळी व्होल्ट मोजायला जाल आणि बॅटरीच शॉर्ट कराल.

एप्रिलमध्ये सगळं नीट असताना हाच आकडा मी सहज म्हणून घेतला होता: ०.३१ अँपिअर. आता आला ०.७२. चाकं हवेत, काही ओझं नाही, आणि करंट दुपटीपेक्षा जास्त.

बॅटरी काढली आणि मागचं चाक बोटानं फिरवलं. फिरलं, पण चिखलातून फिरावं तसं. अक्का मागून बघत होती. म्हणाली, "धागा गुंतलाय का बघ की. माग जड चालला की जॉबर आधी तेच बघतो." जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा. चाळीस वर्षं तिचं माहेर आणि सासर दोन्ही मागाच्या आवाजात गेलंय. तिनं गाडी उलटी करून चाक आणि सांगाडा यांच्या फटीत केसातली पिन घातली आणि सुताचं टोक बाहेर ओढलं. चाक काढलं तर आसाभोवती सुताची कांडी भरल्यासारखी गुंडाळी! पांढरं, निळं, आणि चादरीच्या दशीचं लाल. बाहेरच्या कारखान्यातून उडून येणारं सूत घरभर असतंच, त्यात गाडी पळायची ती चादरीवर. दर फेरीला एखादा धागा आसावर चढायचा आणि ताणला जाऊन ब्रेकसारखा आवळायचा. गिअरपेटीतही कापसाची भुकटी ग्रीसमध्ये मिसळून लगदा झालेली.

ब्लेडनं गुंडाळी कापून काढली. गिअर काढून जुन्या ब्रशनं पुसले, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब आसाला दिला, गिअरना थोडं नवं ग्रीस. पुन्हा मोजलं: ०.२९. गाडी चादरीवर उड्या मारत गेली.

आता मागे वळून बघताना मला शंका येते की पहिल्या वेळीही काही धागे तिथं असणारच. चाक धरल्यावरचा करंट धाग्यानं वाढत नाही, तो मोटरीच्या तारेवर ठरतो. पण धाग्यामुळे मोटर त्या अडलेल्या अवस्थेत जास्त वेळ अडकून राहते, आणि मग मी हिशोबात धरलेले १० मिलिसेकंद खोटे ठरतात. आमचा १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर क्षणभराच्या बुडीसाठी होता, अर्ध्या सेकंदाच्या नव्हे. चाकाच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या बाटलीच्या झाकणातून कापलेली चकती बसवली, त्यामुळे धागा आसापर्यंत कमी पोचतो. पूर्ण थांबत नाही. सोलापुरात ते शक्यही नाही.

तुमच्याकडे माग नसतील, पण केस असतील, गालिचाचे तंतू असतील, रांगोळी किंवा वाळू असेल. म्हणून गाडी नवी तयार होऊन नीट पळायला लागली की त्याच दिवशी चाकं हवेत ठेवून करंट मोजा आणि आकडा गाडीच्या पोटावर लिहून ठेवा. तक्रार आली की आधी हा आकडा घ्यायचा. वाढलेला असेल तर इस्त्री तापवू नका, चाक काढा. तेवढाच असेल तर मग सेल, स्प्रिंगा, डाग. आणि पाच लुकलुक नसतीलच तर मोटरीवरचे कपॅसिटर आणि ब्लूटूथच्या तारा.

आमच्या गाडीच्या पोटावर पांढऱ्या चिकटपट्टीवर "हवेत ०.२९" असं लिहिलंय, आणि भाच्याकडे आता स्वतःचा मीटर आहे. परवा त्याचा फोन आला. "मामा, पॉइंट सेहेचाळीस यायलंय. धागा काढून परत मोजू का, का तुम्ही येताव?"